आमचुराची टोपली

सातपुड्यात, धडगावच्या वरच्या अंगाला, एक पाडा होता. घरं वीस-पंचवीस. प्रत्येक घर आपापल्या टेकाडावर, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. खाली रस्त्याला लागून तलाठ्याचं कार्यालय होतं. एक खोली, एक लोखंडी कपाट आणि बाहेर ओटा. तलाठ्याला सरकारने आता ग्राम महसूल अधिकारी असं भारदस्त नाव दिलं आहे. पाड्यावर ते कुणाच्या जिभेवर बसलेलं नाही. तिथे तो तलाठी आप्पाच.

एका वर्षी तिथे नवा तलाठी आला. तरुण होता, तापीकाठच्या सपाट गावातला होता. डोंगर त्याला नवे होते, बोली नवी होती. कार्यालयात एक म्हातारा कोतवाल होता. तो पाड्यावरचाच. त्याने आजवर पाच तलाठी आलेले आणि गेलेले पाहिले होते. कुणाचं शेत कुठल्या दगडापाशी संपतं, हे त्याला नकाशा न उघडता सांगता येई.

पहिल्याच आठवड्यात एक शेतकरी आला. त्याचा बाप वारला होता. सातबाऱ्यावर बापाच्या जागी आपलं आणि भावंडांचं नाव लागावं, एवढंच त्याचं मागणं होतं. तलाठ्याने मृत्यूचा दाखला पाहिला. वारसांची नावं विचारून नोंदवहीत लिहिली. फेरफार धरला, नोटीस लावली. १५ दिवसांत कुणाची हरकत आली नाही. मंडळ अधिकाऱ्याची सही झाली आणि नवा सातबारा शेतकऱ्याच्या हातात पडला.

शेतकऱ्याने कागद कपाळाला लावला. दुसऱ्या दिवशी तो डोक्यावर टोपली घेऊन आला. टोपलीत आमचूर होतं.

धडगावकडे आमचूर म्हणजे घरातल्या साऱ्यांचं काम. गावठी कैऱ्या उतरवायच्या, सोलायच्या, चिरायच्या आणि खडकावर नाहीतर छपरावर वाळत घालायच्या. आभाळ आलं की धावत जाऊन गोळा करायच्या. एक टोपली भरायला घरच्या म्हातारीपासून पोरापर्यंत सगळे राबतात. म्हणून ती टोपली स्वस्त नव्हती.

"आप्पा, हे तुमच्यासाठी," शेतकरी म्हणाला.

"नको," तलाठी म्हणाला. "मी माझं काम केलं. मला पगार आहे."

शेतकऱ्याचा चेहरा उतरला. घरी आलेल्या माणसाला कोंबडी कापून घालणारे लोक ते. दिलेलं परत नेणं त्याच्या जिवावर आलं. तलाठ्याने तीनदा नाही म्हटलं. चौथ्यांदा तो हसला आणि म्हणाला, "बरं, ठेवा."

कोतवाल दारात उभा होता. त्याने पाहिलं. त्याच्या ओठावर काहीतरी आलं होतं, पण ते त्याने गिळलं.

पुढच्या बाजाराला दुसरा शेतकरी आला. त्याला उतारा हवा होता. पहिल्याची गोष्ट त्याने ऐकली होती. त्यानेही आमचूर आणलं, पण काम झाल्यावर नाही. अर्जाबरोबरच आणलं. आधी टोपली टेबलाशी ठेवली आणि मग अर्ज पुढे केला. तलाठ्याने ह्या वेळी एकदाच नाही म्हटलं.

मग कुणी चारोळी आणली. कुणी मध, कुणी कोंबडा, कुणी मोहाची फुलं. तलाठ्याने कुणाकडे काही मागितलं नाही. हे खरंच आहे, आणि पुढे त्याने ते शपथेवर सांगितलं असतं. पण त्याच्या कपाटात एक गंमत होत गेली. टोपलीबरोबर आलेले अर्ज वर राहू लागले. रिकाम्या हाताने आलेले खाली सरकू लागले. त्याने ते मुद्दाम केलं नव्हतं. ज्याची टोपली समोर दिसे त्याची आठवण होई, आणि ज्याची आठवण होई त्याचा कागद पुढे जाई. एवढंच.

भ्रष्ट ह्या शब्दाचा मुळातला अर्थ पडलेला, जागेवरून घसरलेला. माणूस पडला की धप्प असा आवाज होईल, असं आपल्याला वाटतं. हा तलाठी कड्यावरून पडला नाही. तो ओट्याच्या पायऱ्या उतरावं तसा एकेक पायरी उतरला. आवाज कुठून होणार?

मग पाऊस लागला. कैऱ्यांचा हंगाम सरला. पाड्यावरचं आमचूर बाजारात विकून झालं होतं. एक शेतकरी पीककर्जाच्या कागदासाठी आला. त्याच्या हातात काहीच नव्हतं.

तलाठ्याने त्याच्या हाताकडे पाहिलं. मग बाहेर पावसाकडे पाहिलं.

"आमचूर संपलं वाटतं?" तो म्हणाला.

"संपलं, आप्पा."

"आमचूर नसलं तर आमचुराचे पैसे चालतील."

हे तो हसत म्हणाला. थट्टेतच म्हणाला असेल. शेतकरीही हसला. पण घरी जाऊन त्याने कोंबड्या विकल्या आणि ५०० रुपये आणून दिले. पाड्यावर त्या दिवसापासून भाव ठरला. पोरं एकमेकांना सांगू लागली, उताऱ्याची सरकारी फी वेगळी आणि आमचुराचे पैसे वेगळे. काहींना तर वाटलं, आमचुराचे पैसे हीसुद्धा सरकारचीच फी आहे. इतके दिवस भरतोय, म्हणजे कायद्यातच असणार.

पुढे तलाठी सावध झाला. तो पैसे हातात घेईना. समोर चहाचं हॉटेल होतं. "त्याच्याकडे ठेवा," एवढंच तो सांगे. हॉटेलवाला गल्ल्यात ठेवी आणि संध्याकाळी हिशेब होई.

त्या पाड्यावर एक म्हातारी होती. आषाढात तिचा नवरा वारला. जमिनीवर आपलं आणि मुलांचं नाव लावायला ती कार्यालयात आली. अर्ज दिला आणि ओट्यावर बसली. संध्याकाळी उठून घरी गेली. पुढच्या बाजाराला परत आली, परत बसली. तिसऱ्या बाजाराला आली, तेव्हा तिच्या मागून अर्ज दिलेले दोघे कागद घेऊन तिच्यासमोरून निघून गेले.

चौथ्या बाजाराला तिने रिकामी टोपली आणली आणि तलाठ्याच्या टेबलावर ठेवली.

"हे काय?" तलाठी म्हणाला.

"लोक म्हणतात, इथे टोपली ठेवली की कागद मिळतो. टोपली आणली. भरायला काही नाही."

बाहेर कुणीतरी फिसकन हसलं. तलाठ्याचे कान लाल झाले. त्याने टोपली उचलून ओट्यावर ठेवायला लावली. म्हातारीचा अर्ज कपाटात आणखी खाली गेला.

म्हातारीचा नातू नंदुरबारला वसतिगृहात राहून शिकत होता. तिथे ९ सप्टेंबरला सकाळी प्रभातफेरी असते. १९४२ साली ह्याच तारखेला शिरीषकुमार नावाचा शाळकरी मुलगा हातातला तिरंगा खाली न ठेवता गोळी लागून पडला आणि त्याच्यासोबत आणखी चार जण गेले. जिल्ह्यातल्या पोरांना हे पाठ असतं. त्या वर्षी एका शिक्षकाने फेरी संपल्यावर आणखी एक गोष्ट सांगितली. ९ सप्टेंबर १९८८ ही भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमाचीही तारीख आहे. तारखा जुळणं हा योगायोग, शिक्षक म्हणाले. तरी लक्षात ठेवायला बरा. आणि १०६४ हा नंबरही लक्षात ठेवा.

नातू सुट्टीत घरी आला. आजीने टोपलीची गोष्ट सांगितली. नातवाने १०६४ फिरवला.

चार दिवसांनी आजी आणि नातू नंदुरबारला लाचलुचपत प्रतिबंधक विभागात गेले. तिथल्या अधिकाऱ्याने सगळं ऐकून घेतलं. तो म्हणाला, "आजी, तुम्ही म्हणता म्हणून आम्ही कुणाला धरत नाही. आधी पडताळणी करावी लागते. तो खरंच मागतो का, ते आम्हाला ऐकावं लागतं."

"ऐक ना," म्हातारी म्हणाली. "तो काही हळू बोलत नाही."

दुसऱ्या दिवशी म्हातारी कार्यालयात गेली. तिच्यासोबत एक बाई होती, पाहुणी म्हणून. ती पंच होती. म्हातारीच्या कमरेच्या पिशवीत आवाज टिपणारं छोटं यंत्र होतं.

"माझ्या कागदाचं काय?" म्हातारीने विचारलं.

"आजी, मला काही नको," तलाठी म्हणाला. "पण रीत तुला ठाऊक आहे. आमचुराचे ५०० समोर हॉटेलात ठेव. आठ दिवसांत नाव लागेल."

यंत्राने ते ऐकलं. पाहुणीनेही ऐकलं.

त्यानंतर सापळा लागला. पाचशेच्या नोटेला एक पांढरी भुकटी लावली होती. भुकटी डोळ्यांना दिसत नाही. पण तिला लागलेला हात धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवला, की पाणी गुलाबी होतं. म्हातारीने नोट हॉटेलात दिली. हॉटेलवाल्याने ती उजेडात धरून पाहिली आणि गल्ल्यात टाकली. तेवढ्यात बाकड्यावर चहा पीत बसलेली माणसं उठली. ती चहा प्यायला आलेली नव्हती.

काचेच्या भांड्यात पाणी आलं. हॉटेलवाल्याची बोटं पाण्यात बुडवली. पाणी गुलाबी झालं. बघायला अर्धा पाडा जमला होता. गुलाबी रंग पाहून सगळे एक पाऊल मागे सरले.

मग दुसऱ्या भांड्यात तलाठ्याचे हात बुडवले. पाणी होतं तसंच राहिलं, स्वच्छ.

तलाठ्याचा जीव भांड्यात पडला. त्याने दोन्ही हात वर करून सगळ्यांना दाखवले. "बघा," तो म्हणाला. "मी नोटेला हातसुद्धा लावला नाही."

म्हातारी पुढे आली. तिने त्याच्या हातांकडे पाहिलं, भांड्याकडे पाहिलं आणि अधिकाऱ्याला विचारलं, "ह्याचे हात कशाला धुतोस? मागितलं तर ह्याने तोंडाने."

अधिकाऱ्याला हसू आलं, पण त्याने ते आवरलं. "आजी बरोबर बोलतात," तो तलाठ्याला म्हणाला. "कायदा फक्त घेणाऱ्या हाताला धरत नाही. मागणं हाच गुन्हा. स्वतः घेतलं काय किंवा हॉटेलवाल्याच्या हाताने घेतलं काय, कायद्याला फरक पडत नाही. मध्ये राहणाऱ्यालाही सुटका नाही."

"पण मी काम नियमानेच करून देणार होतो," तलाठी म्हणाला. "कुणाचं नाव चुकीचं लावलं का? कुणाची जमीन फिरवली का?"

"नाही. पण कायद्यात एक उदाहरण दिलं आहे. शिधापत्रिकेचा साधा अर्ज. तो वेळेत करून द्यायला कुणी ५००० रुपये मागितले. काम सरळ, नियमातलं. तरी गुन्हा झाला. वेळेत करणं हेच तर त्याचं काम होतं. पगार त्याचाच मिळतो. पगारावर जे काही मागशील, नोट असो, कोंबडा असो, नाहीतर पैशात न मोजता येणारी सोय असो, ते सगळं गैर. तीन वर्षांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे."

हे ऐकून गर्दीतला एक शेतकरी पुढे आला. त्यानेच कोंबड्या विकून ५०० दिले होते. त्याचा आवाज कापत होता. "साहेब, मी दिले होते. मग मीपण चोर?"

अधिकारी क्षणभर थांबला. "२०१८ पासून देणारासुद्धा गुन्हेगार ठरतो," तो म्हणाला. "पण ज्याच्याकडून बळेच घेतले, त्याने सात दिवसांत येऊन सांगितलं, तर तो सुटतो."

"सात दिवस म्हणजे एक बाजार," शेतकरी म्हणाला आणि बोटांवर मोजू लागला. एका हाताची बोटं संपली. मग दुसऱ्या हाताची सुरू झाली. तो मोजायचा थांबला आणि मान खाली घालून उभा राहिला. अधिकारीही काही बोलला नाही. त्याने वहीत काहीतरी लिहिलं आणि वही मिटली.

मला विचाराल तर ह्या साऱ्या गोष्टीत त्या शेतकऱ्याची मोजणी मला सर्वांत जड वाटते. ज्याने घेतले त्याला वकील मिळतो. ज्याने कोंबड्या विकून दिले, त्याला एकच बाजार मिळतो, आणि ती मुदत त्याला मुदत संपल्यावर कळते.

गाडी आली. तलाठी गाडीत बसायला निघाला. ओट्यावर कोतवाल उभा होता. तलाठी त्याच्यापाशी थांबला.

"तू एवढी वर्षं इथे आहेस," तो म्हणाला. "पहिली टोपली आली तेव्हा तू दारातच होतास. एक शब्द बोलला असतास तर?"

"चुकलं माझं," कोतवाल म्हणाला. "मला वाटलं, माणूस प्रेमाने देतोय. मधे कशाला पडा? तो प्रेमानेच देत होता, आप्पा. पण दुसऱ्याने त्याचं बघून दिलं, आणि तिसऱ्याने भिऊन दिलं. तोवर टोपली तीच होती. आतलं आमचूरही तेच."

कोतवालाने अधिकाऱ्याला विचारलं, "साहेब, ती पहिली टोपली लाच होती का?"

"नोकरीच्या नियमांत अशा भेटी घ्यायला बंदी आहे," अधिकारी म्हणाला. "पण गुन्हा म्हणायचा तर घेताना मनात काय होतं, ते पाहावं लागतं."

"मनातलं पाणी कुठल्या भांड्यात बघायचं?" कोतवाल म्हणाला. ह्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं.

गाडी वळणाआड गेली. गर्दी पांगली. नातू कोतवालाशेजारी ओट्यावर बसला. त्याच्या हातात मोबाइल होता.

"आजोबा, मी त्या कायद्यातल्या व्याख्या वाचल्या," तो म्हणाला. "लोकसेवक कोण, लाभ कशाला म्हणायचं, गैरवाजवी काय, सगळं लिहिलंय. कायद्याच्या नावात भ्रष्टाचार आहे. पण भ्रष्टाचार म्हणजे काय, ते कुठे लिहिलेलं सापडत नाही."

कोतवालाने ओट्यावरची रिकामी टोपली उचलली. म्हातारीची ती टोपली त्या दिवसापासून तिथेच पडून होती. त्याने ती उपडी करून धूळ झटकली.

"तुझ्या आजीचं शेत कुणाचं?" त्याने विचारलं.

"आजीचं."

"आणि तो तिला काय विकत होता?"

नातू गप्प राहिला. मग म्हणाला, "तिचंच शेत."

"झालं तर. माणसाला त्याचंच त्याला विकायचं, म्हणजे भ्रष्टाचार. बाकी कागद वाचायला वकील आहेत."

कोतवालाने टोपली नातवाच्या हातात दिली. नातू ती घेऊन चढण चढू लागला.

पुढे दुसरा तलाठी आला. म्हातारीची नोंद नियमाने झाली. नोटिशीचे १५ दिवस भरले आणि सातबाऱ्यावर तिचं नाव लागलं. हिवाळा गेला, होळी झाली, कैऱ्या लागल्या. पाड्यावरच्या खडकांवर पुन्हा फोडी वाळू लागल्या.

एका बाजाराच्या दिवशी म्हातारी डोक्यावर टोपली घेऊन उतरली आणि कार्यालयाच्या ओट्यावर टेकली. टोपली काठोकाठ भरलेली होती. कोतवाल लगबगीने बाहेर आला आणि दार अडवून उभा राहिला.

"आत कुणासाठी नेतेस?" त्याने विचारलं.

"आत कशाला? बाजारात नेते. सावली दिसली म्हणून बसले. पाणी दे."

कोतवाल हसला. त्याने पाणी दिलं. तिचं पिऊन झाल्यावर टोपली उचलून तिच्या डोक्यावर चढवून दिली.

बाजारात व्यापाऱ्याने टोपली काट्यावर ठेवली. ती कलंडू नये म्हणून त्याने तिच्या कडेला हात लावला आणि आकडा वाचायला तोंड उघडलं.

"थांब," म्हातारी म्हणाली. "आधी हात काढ. मग आकडा सांग."